दारात गाडी आणू नका

"गाडी दारात आणू नका. वेशीवर मारुतीच्या देवळापाशी उभी करा. आम्ही येतो चालत."

रुग्णवाहिकेवर काम केलेल्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्यानं दर महिन्याला एकदा तरी ऐकलेलं असतं. कधी शेजारी साखरपुड्याचे पाहुणे उतरलेले असतात, कधी घरात मुलीला बघायला येणार असतात, कधी नुसतंच 'लोक काय म्हणतील'. पांढरी गाडी दारात लागली की गल्ली जमते. बायका पदर तोंडाला लावतात, म्हातारे टोपी काढतात, आणि आतला माणूस धडधाकट असला तरी दुपारपर्यंत तो गेल्याची बातमी चार गावांत पोचते. यात लोकांचा तरी काय दोष? पूर्वी तालुक्याची एकुलती एक रुग्णवाहिका गावात यायची ती बहुतेक वेळा मयत पोचवायलाच.

मी आठ वर्षं १०८ क्रमांकाच्या गाडीवर डॉक्टर होते. लोणंद-फलटण पट्टा, पुढे थोडा घाटाचा भाग. मराठी लोकांना हा क्रमांक पाठ व्हायला वेळ लागला नाही. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "जपमाळेचे मणी तेवढाच तुमचा नंबर, म्हणून ध्यानात ऱ्हातो." ही सेवा आधी २००५ साली आंध्र प्रदेशात सुरू झाली, महाराष्ट्रात २०१४ साली आली. ९३७ गाड्या ठरल्या. त्यातल्या २३३ मोठ्या, म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेल्या. आमची गाडी त्यातली एक. महाराष्ट्रात प्रत्येक गाडीवर एक डॉक्टर, आणि चालकाला म्हणायचं पायलट. आमच्या पायलटना हा शब्द अतिशय आवडायचा. त्यांनी आयुष्यात विमान पाहिलं होतं ते खालूनच, पण सोयरीक जुळवताना मुलीकडच्यांना 'मी पायलट आहे' एवढंच सांगून ते गप्प बसले होते, असं ते स्वतःच सांगत. मी त्यांना मामा म्हणायची आणि ते मला मॅडम. वयानं ते माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. रस्त्यांचं, माणसांचं आणि चहाच्या टपऱ्यांचं त्यांचं ज्ञान माझ्या पदवीपेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडलं.

पहिल्या महिन्यात मला एक गोष्ट कळली. गाडीतून मी उतरले की लोक माझ्या मागे बघायचे. मग विचारायचे, "डॉक्टर कुठायत?" मी म्हणायची, "मीच." यावर एक क्षण शांतता. "नाही, म्हणजे मोठे डॉक्टर?" आणि सगळ्यांची नजर मामांकडे जायची. मामांच्या मिशा भरघोस होत्या, पोट वजनदार होतं. एकदा तर एका पाटलांनी माझ्याकडे न बघता मामांच्या हातात आपली नाडी दिली. मामांनी ती गंभीरपणे धरली, डोळे मिटले, आणि म्हणाले, "मला काही कळत नाही. मॅडमना विचारतो."

पत्ता हा आमच्या कामातला रोजचा विनोद होता. १०८ लावला की फोन जातो पुण्याला, तिथल्या केंद्रात. तिथून आम्हाला निरोप. आता पुण्यात बसलेल्या मुलीला गावचा माणूस काय सांगणार? "ते नाही का, वडाच्या झाडाकडनं आत वळायचं, मग आपल्या अण्णांचा गोठा लागतो." ती बिचारी विचारते, "अण्णा म्हणजे कोण?" तर पलीकडून आश्चर्यानं, "अण्णा म्हायती न्हाईत तुम्हाला?" त्यात वडाचं झाड रस्ता रुंदीकरणात तीन वर्षांपूर्वीच गेलेलं असायचं. तरी गाव त्याच वळणावरून वळत असतं, आणि मामांनाही ते न दिसणारं झाड बरोबर दिसायचं.

गाडीच्या दर्शनी भागावर इंग्रजी अक्षरं उलटी लिहिलेली असतात, पुढच्या वाहनाच्या आरशात ती सुलटी दिसावीत म्हणून. हे ठाऊक नसलेल्या एका गृहस्थांनी मामांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, "पेंटर पिऊन आला होता का?" आरशात बघून बाजूला होणाऱ्यांची संख्या मात्र बेताचीच. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला १० हजार रुपयांपर्यंत दंड करता येतो, २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीपासून. पण वरातीला दंड कोण करणार? एकदा आमच्यापुढे वरात होती. सायरन चालू, दिवे चालू, आत दम्याची बाई. बँडवाल्यांना वाटलं हीही वरातीचीच रोषणाई, आणि नाचणाऱ्यांना चेव आला. सायरन ऐकून बाजूला झाला तो फक्त घोडा. नवरदेव वर, घोडा शेतात, आणि वरात घोड्यामागे. आम्हाला रस्ता मिळाला. दम्याची बाई तोंडावर मास्क असताना हसली आणि मला धडकी भरली, पण तिला काही झालं नाही.

आमचे काही नियम होते, कुठल्याही पुस्तकात नसलेले. 'आज निवांत आहे' हे शब्द उच्चारायचे नाहीत. कुणी नवखा बोलून गेला की दहा मिनिटांत फोन वाजलाच म्हणून समजा. चहा आला की आधी अर्धा पिऊन टाकायचा, कारण उरलेला मिळेलच असं नाही. वडापाव कागदासकट खिशात ठेवायचा. परदेशातल्या रुग्णवाहिकांवरही 'शांत' हा शब्द असाच निषिद्ध आहे, हे मी पुढे वाचलं आणि फार बरं वाटलं. आपण एकटेच वेडे नाही.

सापाच्या केसेस पावसाळ्यात. लोक साप घेऊन येतात, हे सगळ्यांत मोठं संकट. एका मुलाला शेतात काहीतरी चावलं. गेलो तर तो पुढच्या सीटवर बसू लागला, मांडीवर स्टीलचा डबा. मामांनी विचारलं, "शिदोरी का?" तो म्हणाला, "न्हाई, त्योच हाय आत. जित्ता." त्यानंतर मामा गाडीबाहेर आणि मी मागे असा काही वेळ गेला. साप धामण निघाला, बिनविषारी. मुलगा घाबरून अर्धमेला झाला होता एवढंच. त्याच्या वडिलांना मी समजावून सांगितलं की साप आणायची गरजच नसते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच लस असते. लक्षणं बघून उपचार ठरतात. आवळून बांधायचं नाही, ब्लेडनं चिरायचं नाही, रोग्याला हलू द्यायचं नाही. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि पोराला म्हणाले, "मग एवढा वढा पार करून पळवला कशाला त्याला?" पोरगा म्हणाला, "पुरावा."

आषाढी वारीत माउलींची पालखी आमच्या भागातून जाते. त्या दिवसांत आम्ही वाटेवरच. पायाचे फोड, जुलाब, उन्हानं आलेली चक्कर. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण असतं, तिथं गर्दी एवढी की गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. एक सत्तरीच्या आजी चक्कर येऊन पडल्या. नाडी धागा झालेली. सलाईन लावायला घेतलं तर त्या उठून बसल्या. "लावा, पण चालता चालता लावा. दिंडी फुडं जाईल." मी काकुळतीला आले. मामा म्हणाले, "आजी, पांडुरंग अठ्ठावीस युगं उभा आहे, अर्धा तास आणखी उभा राहील की." आजींनी यावर विचार केला. "अर्धाच तास," त्या म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या. बरोबर अर्ध्या तासानं त्यांनी डोळे उघडले आणि बाटलीकडे बघून विचारलं, "अजून किती ऱ्हायलंय?"

ऊसतोडीच्या हंगामात बाळंतपणं. बीडकडून, नगरकडून आलेल्या बाया सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत मोळ्या उचलतात. कोपीतून फोन येतो तेव्हा वेळ जवळपास संपलेली असते. एका पहाटे, थंडी मी म्हणत होती, बाई गाडीत घेतली आणि दोन किलोमीटरवर मी ओरडले, "मामा, थांबवा!" त्यांनी ब्रेक लावायच्या आतच मुलगी जगात आली. रडली. आईला वार पडेपर्यंत मी मान वर केली नाही. मान वर केली तर मामा रस्त्यात, आमच्याकडे पाठ करून, कारखान्याच्या ट्रॅक्टरांना बॅटरीनं बाजूनं काढत उभे. मग प्रश्न आला जन्माच्या नोंदीचा. धावत्या वाहनात जन्म झाला, तर वाहन पहिल्यांदा जिथं थांबतं तिथं नोंद करायची असते आणि ती वाहनाच्या प्रमुखानं कळवायची असते. मामांनी आजूबाजूला पाहिलं. गाडी उभी होती देशी दारूच्या दुकानासमोर. ते हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दहा पावलं पुढं घेऊ का? लेकराच्या दाखल्याचा प्रश्न आहे." दाखल्यावर गावाचं नाव येतं, दुकानाचं नाही, हे पटवायला मला बराच वेळ लागला. त्यांनी तरीही गाडी पुढे घेतलीच.

हे सगळं मी घरी सांगायची. जेवताना सासूबाई विचारायच्या, "आज काय झालं?" आणि मी घोड्याची, धामणीची, देशी दुकानाची गोष्ट सांगायची. मुलं हसून लोळायची. घरच्यांचा समज असा झाला होता की माझी नोकरी म्हणजे एक फिरता तमाशाच आहे. बाकीचं मी सांगत नसे. उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळलेली मोटारसायकल ताटावर बसून सांगता येत नाही. ते मामांना माहीत असायचं, मला माहीत असायचं, आणि आम्हीही आपसात त्याबद्दल बोलायचो नाही. आम्ही एकमेकांना विनोद सांगायचो.

आता गुरुजींची गोष्ट सांगते. ती मी घरी कधीच सांगितली नाही.

जानेवारीतली रात्र. तीन वाजून गेले होते. निवृत्त प्राथमिक शिक्षक, वय अडुसष्ट, रात्री अकरापासून छातीत जळजळ. आधी सोडा घेतला, मग ओवा खाल्ला, मग घरातल्या कुणाची तरी पित्ताची गोळी. चार तास असे गेले. घाम सुटला तेव्हा मुलानं फोन केला. वाटेत मी त्याच्याशी बोलले. छातीत दडपण, डावा हात जड, घाम. मला कळायचं ते कळलं. तो म्हणाला, "मॅडम, बाबा म्हणतायत गाडी गल्लीत आणू नका. शेजारी उद्या साखरपुडा आहे, पाहुणे झोपलेत. सायरन पण नको. मारुतीपाशी थांबा, आम्ही त्यांना घेऊन येतो."

मी म्हटलं, "बरं."

हा शब्द मला आजही परत घेता आलेला नाही. मला माहीत होतं. हृदयाच्या ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आहे, त्याला पावलागणिक जास्त प्राणवायू लागतो. अशा माणसानं चालायचं नसतं, जिना उतरायचा नसतं, स्वतः उठून शर्टसुद्धा बदलायचा नसतो. पण रात्रीची वेळ होती, गल्ली अरुंद होती, मुलगा अजिजीनं बोलत होता, आणि असं म्हणणारी माणसं याआधी दहा वेळा सुखरूप चालत आली होती.

देवळापाशी पोचलो. गल्लीत दूर बॅटरीचा उजेड हलताना दिसला. मी आणि मामा स्ट्रेचर घेऊन धावलो. गुरुजी येत होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी, पायात चप्पल. दवाखान्यात जायचं म्हणून नीट तयार झालेले. मुलगा हात धरू बघत होता, ते झिडकारत होते. पारापाशी आमची गाठ पडली. त्यांनी दोन्ही हात जोडले. "नमस्कार. तुम्हाला उगाच रात्रीचा त्रास," म्हणाले, आणि पाराला टेकले. टेकले ते घसरले.

नाडी नव्हती. तिथंच, त्या पारावर, छातीवर दाब सुरू केले. मिनिटाला १०० ते १२०, दोन इंच खोल. मामा गाडीकडे धावले आणि झटका द्यायचं यंत्र घेऊन आले. अशा वेळी हृदय बंद पडलेलं नसतं, ते वेडंवाकडं थरथरत असतं. विजेचा झटका त्याला पुन्हा तालावर आणू शकतो. पण दाब न देता गेलेल्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता शेकडा ७ ते १० नं घटत जाते. यंत्र अगदी जवळ होतं, गाडीत. गाडी दारात असती तर गुरुजी ते यंत्र छातीला लावूनच निघाले असते. आम्ही झटके दिले. एकदा ताल आला, गेला. गाडीत घातलं, चाळीस मिनिटं दाब देत रुग्णालयात नेलं. मामा आणि गुरुजींचा मुलगा, दोघंही वाटेत एक शब्द बोलले नाहीत. सकाळी पाचला तिथल्या डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून पुरे म्हणून सांगितलं.

'ॲम्ब्युलन्स' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'चालणे' हा धातू आहे, हे मला फार पुढे कळलं. फ्रेंच सैन्यात जखमींमागोमाग फिरणाऱ्या रुग्णालयाला 'चालतं रुग्णालय' म्हणत. तोवर जखमी माणूस लढाई संपेपर्यंत रणांगणावर पडून राहायचा. सतराशे नव्वदच्या दशकात लॅरे नावाच्या लष्करी शल्यवैद्यानं, जो पुढे नेपोलियनचा शल्यवैद्य म्हणून गाजला, घोड्यांच्या हलक्या गाड्या करून लढाई चालू असतानाच त्यांना उचलायला सुरुवात केली. म्हणजे चालायचं होतं ते रुग्णालयानं. आणि आम्ही गुरुजींना चालवलं.

रुग्णालयातून निघून आम्ही एसटी स्टँडवरच्या टपरीवर थांबलो. उजाडत होतं. मी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बसले होते, कारण हात थरथरत होते. मामा खाली बघत होते. मग ते म्हणाले, "मॅडम, ही चप्पल माझी नाही."

रात्रपाळीला मामा बूट काढून चप्पल घालायचे. पारापाशी धावपळीत ती निसटली असणार, आणि अंधारात पाय सरकवले असणार ते मिळेल त्यात. उजव्या पायात त्यांची काळी, डाव्या पायात कुणाची तरी तपकिरी, एक आकडा लहान. एवढा वेळ, चाळीस मिनिटं गाडी हाकून, रुग्णालयाचे जिने चढून-उतरून, त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं. आवरेना. मामाही हसायला लागले. आम्ही दोघं बाकड्यावर वाकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. टपरीवाला बघत राहिला.

मान वर केली तेव्हा समोर गुरुजींचा पुतण्या उभा होता. नातेवाइकांसाठी चहाची किटली न्यायला आला होता. त्यानं काही विचारलं नाही. आमच्याकडे पाहिलं, आणि त्याची नजर मामांच्या डाव्या पायावर गेली. मामांनीही तेव्हाच पाहिलं. ती चप्पल कुणाची ते आम्हा तिघांनाही एकदमच कळलं.

मामा उठले. चप्पल काढली, खांद्यावरच्या टॉवेलनं पुसली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली, किटली घेतली आणि गेला. मामा त्या दिवशी पाळी संपेपर्यंत एका पायात चप्पल घालून फिरले.

त्या मुलाला मी काय सांगू शकले असते? की आम्ही तुझ्या काकांना हसत नव्हतो? ते त्याला तिथं पटलं नसतं, आणि आज मलाही ते नीट मांडता येत नाही. एवढंच ठाऊक आहे की साडेसहाला पुन्हा फोन वाजला, घाटात जीप उलटली होती, आणि तोवर माझे हात थरथरायचे थांबले होते. रडले असते तर थांबले असते का? एखाद्याचे थांबतही असतील. अपघातावर पडलेल्या माणसाला हसायचं नाही, त्याच्या माणसांसमोर हसायचं नाही, हा नियम आम्ही पाळत आलो होतो. त्या पहाटे तो मोडला, न कळत का होईना. मामा त्यानंतर त्या टपरीवर कधी बसले नाहीत. चहा घ्यायचा, तो गाडीत, काचा वर करून.

आणखी एक बदल झाला. 'दारात आणू नका' म्हणणाऱ्याला मी त्यानंतर कधी 'बरं' म्हटलं नाही. भांडणं झाली. एकदा एका घरच्यांनी माझी तक्रार करण्याची धमकी दिली. मी म्हणायची, "सायरन बंद करते, दिवे बंद करते, पण गाडी दाराशीच लागणार, आणि आम्ही येईपर्यंत रोग्यानं जागचं हलायचं नाही." मामांनी यावर स्वतःचा तोडगा काढला होता. गल्लीतलं कुणी विचारलंच तर ते खिडकीतून सांगायचे, "काही नाही, मॅडमचे पाहुणे आहेत इथं, चहाला आलोय." पाच मिनिटांत स्ट्रेचर बाहेर येताना दिसायचं, पण तोवर कुणाला उत्तर द्यायची गरज उरलेली नसायची.

दोन वर्षांनी त्याच गल्लीतून फोन आला. एका बाईचं बोलता बोलता तोंड वाकडं झालं होतं, उजवा हात लुळा. अर्धांगवायूचा झटका. पहिले काही तास हातातले असतात, गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. या वेळी फोन करणारीनं पुण्याच्या मुलीला पत्ता असा काही सांगितला होता की तो जसाच्या तसा आमच्यापर्यंत पोचला: मारुतीपासून सरळ आत, डावीकडे तिसरं घर, झटका बरोबर सात वाजून दहा मिनिटांनी आला, आणि सायरन वाजवत या.

आम्ही वाजवत गेलो. गल्लीच्या तोंडाशी एक बाई हातात बॅटरी घेऊन भर रस्त्यात उभ्या होत्या. गुरुजींच्या काकू. रोगी त्यांच्या शेजारची. त्यांनी लोकांना घराघरांत पिटाळलं होतं, मोटारसायकली बाजूला काढायला लावल्या होत्या, आणि आता त्या मामांना वाहतूक हवालदारासारख्या हातवारे करत गाडी मागे घ्यायला सांगत होत्या. "येऊ द्या, येऊ द्या, अजून येऊ द्या." मागे काहीतरी खळ्ळकन फुटलं. मामांनी ब्रेक लावला आणि मान बाहेर काढली. काकूंच्याच ओट्यावरची मोठी कुंडी होती, जास्वंदीची.

"फुटू दे," काकू म्हणाल्या. "दारापर्यंत घ्या."